टेबल आधी की क्लास आधी? केळी खरेदीच्या हिशेबासाठी ओआरएम

केळीचं_पान (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

काकांचं सावद्याला केळी खरेदीचं ऑफिस आहे. बाग पाहून सौदा, मग कटाई, गाडी भरणं, काट्यावर वजन, शेतकऱ्याला पावती आणि सवडीने पैसे (हा 'सवडीने' शेतकऱ्यासमोर उच्चारायचा नसतो). हिशेब आजवर वह्यांत आणि एक्सेलमध्ये चाललाय. तो मी पायथनमध्ये आणायला घेतलाय. डेटाबेस सध्या एसक्यूलाइट. पुढे रावेरचं ऑफिस जोडायचं झालं तर पोस्टग्रेस.

पुण्यातला मित्र म्हणतो, ओआरएमच्या (डेटाबेसची टेबलं कोडमधल्या क्लासमधून हाताळणारी लायब्ररी) नादी लागू नको, सरळ एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिही. मला मात्र एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या ओआरएमची पद्धत आवडली. एक टेबल म्हणजे एक क्लास, कॉलम म्हणजे त्या क्लासमधलं एक नाव, आणि टेबलातली ओळ म्हणजे त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट. इथला एडिटर कोडमधल्या मोकळ्या जागा गिळतो, म्हणून क्लास मराठीतच उतरवून देतो (प्रायमरी की म्हणजे ओळ ओळखायचा आकडा, फॉरेन की म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा तोच आकडा, युनिक म्हणजे दोनदा न येणारं, फ्लोट म्हणजे दशांश संख्या):

क्लास शेतकरी
— आयडी: पूर्णांक, प्रायमरी की
— नाव: मजकूर
— गाव: मजकूर
— मोबाइल: मजकूर, रिकामा चालेल
— पावत्या: या शेतकऱ्याच्या सगळ्या पावत्या (रिलेशनशिप)

क्लास भाव
— आयडी: पूर्णांक, प्रायमरी की
— तारीख: युनिक
— दर: फ्लोट

क्लास पावती
— आयडी: पूर्णांक, प्रायमरी की
— क्रमांक: पूर्णांक, युनिक
— तारीख
— शेतकरी_आयडी: फॉरेन की, शेतकरी टेबलाकडे
— भाव_आयडी: फॉरेन की, भाव टेबलाकडे
— वजन: फ्लोट

शिवाय नवती, पिलबाग, कांदेबाग आणि वापसी या केळीच्या चार प्रकारांसाठी पावतीचे चार सबक्लास (पावतीपासून निघालेले उपक्लास) करायचा विचार आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हटल्यावर तेच बरोबर ना?

---

वखारवाला

काकांना नमस्कार सांगा. ओआरएमशी माझं वैर नाही, पण तुझी यादी वाचून कळतं की तू क्लास आधी लिहिलेत आणि टेबलाचा विचार केलेला नाहीस. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं, तेव्हा त्यात ऑब्जेक्ट कुठेच नव्हते. टेबल म्हणजे विधानांचा संच. 'अमुक क्रमांकाची पावती अमुक तारखेला अमुक शेतकऱ्याच्या नावे फाडली' हे एक विधान, ती एक ओळ. प्रत्येक टेबलासाठी असं एक वाक्य लिहून बघ. वाक्य अडखळलं की टेबल चुकलं समज.

भाव टेबलाचं वाक्य लिही बरं. 'अमुक तारखेला केळीचा दर इतका होता.' कुठल्या केळीचा? नवतीचा आणि वापसीचा दर एकच असतो का? तारीख एकटी युनिक ठेवलीस तर दिवसाला एकच दर बसेल. आणि बोर्डाचा भाव एक, बागेवर ठरलेला दुसरा, हे सावद्याच्या माणसाला मी काय सांगायचं.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे भाव_आयडी. कोणी उद्या भाव टेबलातला मागचा दर दुरुस्त केला, तर त्या दिवसाच्या सगळ्या जुन्या पावत्यांची रक्कम आपोआप बदलेल. शेतकऱ्याच्या हातातला कागद एक रक्कम सांगतोय आणि तुझा संगणक दुसरी. ज्या दराने व्यवहार झाला तो दर पावतीच्या ओळीतच लिहायचा. ही पुनरावृत्ती नव्हे. आजचा बाजारभाव आणि या पावतीवर ठरलेला भाव ही दोन वेगळी विधानं आहेत.

---

मेहरूण

वखारवाला आबांशी सहमत. फक्त 'आधी टेबल, मग क्लास' असं दोन टप्प्यांत करायची गरज नाही. क्लास लिहितानाच टेबलाचा विचार करता येतो, नव्या एसक्यूएलअल्केमीत तर तो करावाच लागतो.

पान, तुझा क्लास नेमकं काय करतो ते नीट समजून घे. फाइल लोड होते तेव्हा एसक्यूएलअल्केमी क्लासमधले कॉलम गोळा करून एक टेबल-ऑब्जेक्ट बनवते आणि मेटाडेटा नावाच्या एका यादीत नोंदवते. त्या यादीवरूनच 'क्रिएट टेबल'चं वाक्य तयार होतं. क्लास आणि टेबल-ऑब्जेक्ट यांची सांगड घालणं हे मॅपरचं वेगळं काम. दोन्ही कामं एकाच ठिकाणी लिहायची सोय, तिला डिक्लरेटिव्ह म्हणतात. आधी टेबल वेगळं, क्लास वेगळा आणि मग दोघांची गाठ, असंही लिहिता येतं. ती पद्धत जुनी असली तरी अजून चालते.

जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून टाइप हिंट (कोडमध्येच लिहिलेला कॉलमचा प्रकार) महत्त्वाचे झाले. 'मॅप्ड' मध्ये साधी स्ट्रिंग (मजकूर) लिहिलीस की कॉलम नॉट नल होतो, म्हणजे रिकामा चालत नाही. 'ऑप्शनल' स्ट्रिंग लिहिलीस की नल चालतो. म्हणजे मोबाइल नसलेला शेतकरी चालेल का, हे तुला त्या ओळीतच ठरवावं लागतं. मला ही सक्ती आवडते.

पावत्या हा मात्र कॉलम नाही. डेटाबेस उघडून बघ, शेतकरी टेबलात पावत्या नावाचं काहीही नसेल.

आणि ते चार सबक्लास, नको! सबक्लास टेबलांत उतरवायला तीन रस्ते आहेत: सगळे प्रकार एकाच टेबलात आणि प्रकार सांगणारा एक कॉलम, सामायिक टेबल आणि प्रत्येक प्रकाराचं जोडटेबल, किंवा प्रत्येकाचं स्वतंत्र टेबल. पण हे तेव्हा, जेव्हा प्रकारांची माहितीच वेगळी असते. वापसीच्या पावतीवर असा कुठला रकाना आहे जो नवतीच्या पावतीवर नाही? नसेल तर 'प्रकार' हा एक कॉलम पुरे.

---

कळण्याची_भाकरी

ताई, बठ्ठं वाचं. पन ते पावत्या कॉलम नही ते मंग शे तरी काय?

---

मेहरूण

भाऊ, ती पायथनपुरती सोय आहे. पावती टेबलातला शेतकरी_आयडी खरा, डेटाबेसला तेवढाच माहीत. 'शेतकरी.पावत्या' असं लिहिलं की एसक्यूएलअल्केमी त्या फॉरेन कीवरून मागच्या मागे क्वेरी (डेटाबेसला प्रश्न) मारते आणि यादी हातात देते. उलट बाजूने 'पावती.शेतकरी' लिहिलं तर एकच ऑब्जेक्ट मिळतो. दोन्ही टोकं एकमेकांना माहीत असावीत म्हणून बॅक-पॉप्युलेट्स लिहायचं. ते नसेल तर एका टोकाला केलेला बदल दुसऱ्या टोकाला कमिटनंतरच (बदल डेटाबेसमध्ये पक्के झाल्यावर) दिसतो आणि डोकं फिरतं.

---

पांझरा

धुळ्याहून हजेरी. पान, तू जँगो (पायथनची वेबसाइट बनवायची चौकट, ओआरएम आतच) का बघत नाहीस? मी कॉलेजच्या पोरांना तेच शिकवतो. क्लास लिहिला की ॲडमिनची पानं तयार. काकांचा मुनीम पहिल्या दिवसापासून नोंदी करू शकेल आणि तू फॉर्म बनवत बसणार नाहीस.

थोडा इतिहास सांगतो, कारण दोघांच्या स्वभावातला फरक त्यातून कळतो. मार्टिन फाउलरने २००२ साली दोन पद्धतींना नावं दिली. एक ॲक्टिव्ह रेकॉर्ड: ऑब्जेक्ट स्वतःच स्वतःला जतन करतो, 'पावती.सेव्ह' म्हटलं की झालं. २००४ मध्ये आलेल्या रेल्सने (रुबी भाषेतली तशीच चौकट) तर नावच तेच घेतलं, आणि २००५ मध्ये लोकांसमोर आलेला जँगोही त्याच वळणाचा. दुसरी डेटा मॅपर: ऑब्जेक्टला डेटाबेसची खबर नसते, मधला कोणीतरी ने-आण करतो. जावाचा हायबरनेट, आणि माइक बायरची २००६ ची एसक्यूएलअल्केमी या घरातली. तिथे तो मधला माणूस म्हणजे सेशन. तू ऑब्जेक्ट बदलत राहतोस, सेशन टिपून ठेवतो आणि फ्लशच्या (डेटाबेसकडे पाठवायच्या) वेळी योग्य क्रमाने सगळं लिहितो.

छोट्या ऑफिसला सेशनचं शास्त्र शिकत बसण्यात काय हशील? जँगोत प्रकार या फील्डला 'चॉइसेस' दे, चार पर्याय लिही, संपलं.

---

वखारवाला

संपलं नाही सर. जँगोचे चॉइसेस डेटाबेसपर्यंत पोचत नाहीत. फॉर्ममधून आलेली नोंद तपासली जाते; शेलमधून 'सेव्ह' केलं, बल्क क्रिएट केलं किंवा कोणी थेट एसक्यूएलने ओळ घातली, तर 'नवतीी' असलं काहीही आत जाऊन बसतं. डेटाबेसने अडवावं असं वाटत असेल तर चेक कन्स्ट्रेंट (टेबलातच लिहिलेला नियम) लिहावा लागतो, आणि तो जँगोत २०१९ च्या २.२ मध्ये आला. तसंच 'ब्लँक' आणि 'नल'. पहिलं फॉर्मची गोष्ट, दुसरं टेबलाची. पोरं दोन्ही ट्रू करून मोकळी होतात.

डिफॉल्टचंही तेच. क्लासमध्ये डिफॉल्ट शून्य लिहिलं म्हणून टेबलात तो जातो असं नाही, पायथन तो भरून पाठवतं. टेबलातच हवा असेल तर एसक्यूएलअल्केमीत सर्व्हर-डिफॉल्ट, जँगोत डीबी-डिफॉल्ट. हा दुसरा ५.० मध्ये आला, २०२३ च्या शेवटाला.

माझं म्हणणं एवढंच की उद्या काकांचा सीए येऊन एक्सेलमधून थेट डेटाबेसला जोडेल. परवा कोणीतरी मोबाइल ॲप लिहील, पायथनमध्ये नसेलही. तुझा क्लास त्या दोघांच्या वाटेत उभा नसणार. टेबल उभं असणार. जे नियम मोडले तर पैशांचा घोळ होतो, ते टेबलात उतरलेच पाहिजेत. बाकीचे खुशाल क्लासमध्ये ठेव.

---

पांझरा

आबा, मान्य. पण नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात एवढं ओझं द्यायचं का, हा माझा प्रश्न आहे. ॲडमिनमुळे त्याचं काम सुरू तरी होईल. चेक कन्स्ट्रेंट नंतर मायग्रेशनने (टेबलाची रचना बदलणाऱ्या फाइलने) लावता येतो.

---

वखारवाला

नंतर लावायला गेलं की आधीच शिरलेल्या 'नवतीी'वर ते मायग्रेशन अडतं. मग रात्री बसून साफसफाई. असो, ज्याची त्याची आवड.

---

अनेर

मी अजून शिकतोय, चोपड्याहून. प्रश्न बाळबोध असेल. मी क्लासमध्ये 'हमाली' नावाचा कॉलम वाढवला, प्रोग्राम परत चालवला, 'क्रिएट ऑल' ही टेबलं बनवायची आज्ञाही आहे. तरी एरर येतो की असा कॉलमच नाही. क्लासमध्ये तर दिसतोय!

---

मेहरूण

बाळबोध मुळीच नाही, एसक्यूएलअल्केमी शिकणारा प्रत्येक जण इथे येऊन थांबतो. 'क्रिएट ऑल' फक्त नसलेली टेबलं बनवतो. टेबल आधीपासून असेल तर त्यात काय आहे, काय नाही हे तो पाहतही नाही. क्लास बदलला म्हणून टेबल बदलत नाही.

त्यासाठी मायग्रेशन. एसक्यूएलअल्केमीसोबत अलेम्बिक वापरतात, तेही बायरचंच. जँगोत ही सोय २०१४ च्या १.७ पासून आतच आहे. अलेम्बिक तुझे क्लास आणि प्रत्यक्ष डेटाबेस शेजारी ठेवून फरक काढतं आणि एक फाइल लिहून देतं. ती फाइल वाचल्याशिवाय चालवायची नाही. का ते सांगते. समज तू 'वजन' चं नाव 'निव्वळ_वजन' केलंस. तुझ्या मनात हे नामांतर आहे. अलेम्बिकला दिसतं की एक कॉलम गेला आणि एक नवा आला. म्हणून ते 'ड्रॉप कॉलम' आणि 'ॲड कॉलम' लिहितं. चालवलंस की हंगामभराची वजनं साफ. २०१८ मध्ये आपल्या जळगावच्या विद्यापीठाचं नाव बदलून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं दिलं, म्हणून काही जुन्या पदव्या फाडल्या नाहीत. पण अलेम्बिक तेच करायला निघतं, कारण त्याला नामांतर कळतच नाही. फाइलमध्ये हाताने 'अल्टर कॉलम' आणि नवं नाव लिहायचं. जँगो या बाबतीत सभ्य आहे, 'नाव बदललंय का?' असं विचारतो. तेव्हा घाईत एन (म्हणजे 'नाही') दाबू नका.

दुसरं, नॉट नल कॉलम भरलेल्या टेबलात टाकायचा असेल तर जुन्या ओळींत काय भरायचं ते ठरवावं लागतं. हमाली शून्य होती की माहीत नव्हती? शून्य भरलंस तर तू एक विधान केलंस की हमाली घेतली नाही. ते खरं आहे का ते मुनीमजींना विचार.

---

गिरणाकाठ

वजन आणि दर फ्लोटमध्ये ठेवण्याबद्दल अजून कोणीच कसं बोललं नाही? फ्लोट म्हणजे छेदात दोनचा घात असलेले अपूर्णांक. ०.१ तिथे अचूक बसतच नाही. दोन-चार पावत्यांत कळत नाही, हंगामाच्या बेरजेत पैशांचा फरक निघतो, आणि पैशांचा फरक निघाला की मुनीम संपूर्ण सॉफ्टवेअरवरचा विश्वास काढून घेतो.

पोस्टग्रेसवर न्यूमेरिक (अचूक दशांश) वापर. एसक्यूलाइटला खरा डेसिमल नाहीच, तिथे न्यूमेरिक लिहिलंस तरी आत फ्लोटच जातो आणि एसक्यूएलअल्केमी तसा इशाराही देते. तू आज एसक्यूलाइटवर आहेस, म्हणून सरळ पूर्णांक ठेव: वजन किलोत, दर पैशांत. समज ४७ क्विंटल ३५ किलो माल आणि १८२५ रुपये क्विंटल. ४७३५ गुणिले १८२५०० भागिले १००, म्हणजे ८६४१३७५ पैसे, म्हणजे ८६४१३ रुपये ७५ पैसे. गुणाकार आधी, भागाकार शेवटी, आणि रुपया पूर्ण करायचा नियम कोडमध्ये एकाच जागी. क्विंटल-किलो दाखवायला क्लासमध्ये एक प्रॉपर्टी लिही. क्लासचा खरा उपयोग तिथे आहे.

एसक्यूलाइटच्या अजून दोन खोड्या. फॉरेन की तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शनला 'प्राग्मा फॉरेन कीज ऑन' सांगावं लागतं. जँगो २.० पासून ते स्वतः सांगतो, एसक्यूएलअल्केमीत तुला कनेक्ट इव्हेंटवर लिहावं लागेल. खात्री करायची असेल तर अस्तित्वात नसलेल्या शेतकऱ्याच्या नावे एक पावती घालून बघ, आनंदाने घेईल. आणि पूर्णांक कॉलममध्ये 'पाऊण टन' असा मजकूर दिला तरी तो ठेवून घेतो, २०२१ मध्ये आलेलं स्ट्रिक्ट टेबल वापरलं नाही तर. याच सवयी घेऊन पोस्टग्रेसवर गेलास की तिथे पहिल्याच दिवशी एररची रांग.

---

बोदवडकर

गाव हा मजकूर ठेवू नका हो. वडगाव म्हटलं तर कुठलं? पिंप्री म्हटलं तर खुर्द की बुद्रुक, आणि कुठल्या तालुक्यातली? एका एक्सेलमध्ये मी एकच गाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. गावाचं वेगळं टेबल करा, आणि नुसतं नाव युनिक नको, नाव आणि तालुका मिळून युनिक.

जिल्हा शेतकऱ्याच्या ओळीत तर अजिबात लिहू नका. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. शहादा, तळोदा, नवापूरचे लोक घरातून न हलता जिल्हा बदलून मोकळे. ज्यांनी जिल्हा हरएक ओळीत लिहिला होता त्यांना हरएक ओळ बदलावी लागली असणार. गावाला तालुका, तालुक्याला जिल्हा अशा फॉरेन की असतील तर तालुक्यांच्या मोजक्या ओळी बदलून काम भागतं.

---

गिरणाकाठ

बोदवडकर, त्यात एक भर. गाव आणि माणसाचं नाव युनिक ठेवूनही फसगत होते, कारण 'वऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये तीन प्रकारे टाइप होतं. ऱ चं स्वतंत्र अक्षर आहे, र आणि खाली नुक्ता असंही होतं, आणि र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर अशीही जोडणी होते. पडद्यावर तिन्ही एकसारखी, डेटाबेसच्या लेखी तीन माणसं. पहिली दोन एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायच्या युनिकोडच्या नियमाने) एक होतात, तिसरी होत नाही, ती स्वतः बदलावी लागते. एसक्यूएलअल्केमीत व्हॅलिडेट्स डेकोरेटर लावून नाव आत येतानाच एकसारखं करून घ्या.

ज्यांना क्लासची आणि कॉलमची नावंही देवनागरीत ठेवायची हौस आहे त्यांच्यासाठी: पायथन ३ मध्ये चालतं. पण 'शेतकऱ्याचे_नाव' मधला ऱ्य जॉइनरने टाइप झाला असेल तर सिंटॅक्स एरर येतो, आणि तो बघून काहीच कळत नाही.

---

कळण्याची_भाकरी

म्हंजे वऱ्हाडे आप्पाले तीन पावत्या मियतीन? चांगलं शे की!

---

वखारवाला

मिळतील तीन, पैसे एकाचेच.

पान, काकांच्या वह्या बघून एक तपास. एकाच गावात एकाच नावाचे दोन शेतकरी आहेत का? असतीलच. अर्धं गाव पाटील आणि अर्धं चौधरी, त्यात आजोबांचं नाव नातवाला. म्हणून नाव आणि गाव मिळून युनिक ठेवू नकोस. आयडी ही तुझी अंतर्गत की; माणसाला ओळखायला मुनीम काय वापरतो ते बघ. बहुतेक वडिलांचं नाव, मळ्याचं नाव किंवा मोबाइल वापरत असेल. तो कॉलम हवा.

---

केळीचं_पान

बाप रे. एवढं सगळं एका दिवसात! सगळ्यांचे आभार.

आबा, दोन पाटील आहेत, एक 'विहिरीवाले' आणि एक 'नाल्यावरचे'. मुनीमकाका तसंच लिहितात. 'ओळख' नावाचा कॉलम टाकतोय.

नवी अडचण. दिवसाच्या पावत्यांची यादी दाखवतो तेव्हा प्रत्येक पावतीसमोर शेतकऱ्याचं आणि गावाचं नाव. जुना डेटा भरल्यावर ती यादी फारच रेंगाळते. मित्राला सांगितलं तर म्हणाला, 'बघ, सांगितलं होतं ना.'

---

मेहरूण

मित्राला सांग, ओआरएमचा दोष अर्धाच आहे. इंजिनला 'इको' (क्वेऱ्या छापून दाखवणारा पर्याय) ट्रू करून यादी उघड आणि टर्मिनल बघ. पावत्यांसाठी एक क्वेरी, मग 'पावती.शेतकरी.नाव' लिहिलंस तिथे प्रत्येक शेतकऱ्यासाठी एक, आणि पुढे प्रत्येक गावासाठी एक. याला एन अधिक एक म्हणतात. कोडमध्ये तो फक्त एक ठिपका दिसतो, म्हणून लक्षात येत नाही.

३०० पावत्या २०० शेतकऱ्यांच्या असतील तर एसक्यूएलअल्केमी शेतकऱ्यांसाठी २०० क्वेऱ्या मारेल, ३०० नव्हे. कारण सेशनमध्ये आयडेंटिटी मॅप असतो, त्याच प्रायमरी कीचा ऑब्जेक्ट आधीच आणलेला असेल तर तोच परत मिळतो. जँगोत असा मॅप नाही, तिथे ३००.

उपाय एका ओळीचा आहे. शेतकरी आणि गाव आधीच जोडून आणायला 'जॉइन्डलोड', शेतकऱ्याच्या पावत्यांसारख्या याद्यांसाठी 'सिलेक्टइनलोड'. जँगोत सिलेक्ट-रिलेटेड आणि प्रीफेच-रिलेटेड. मी तर डेव्हलपमेंटमध्ये नात्यांवर 'रेजलोड' लावून ठेवते, म्हणजे न सांगता क्वेरी मारायला गेलं की एररच येतो.

आणि हंगामाची बेरीज काढायला सगळ्या पावत्या पायथनमध्ये आणून लूप फिरवू नकोस. बेरीज डेटाबेसकडूनच करून घे, ग्रुप बाय आणि सम. तीही एसक्यूएलअल्केमीतूनच लिहिता येते, त्यासाठी एसक्यूएल मात्र यायला हवं. इथे तुझा मित्र बरोबर आहे.

---

वखारवाला

इंडेक्सचं (शोध जलद करणाऱ्या सूचीचं) मी सांगतो. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स बनवत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी बनवतं. जँगो फॉरेन-की फील्डला इंडेक्स देतो, एसक्यूएलअल्केमी देत नाही, 'इंडेक्स ट्रू' तुला लिहावं लागेल. शेतकरी_आयडी आणि तारीख, दोन्हींवर हवा.

---

केळीचं_पान

यादी पटकन येतेय आता. दुरुस्त केलेली पावती टाकतो, शेवटची नजर मारा:

क्लास पावती
— आयडी: प्रायमरी की
— हिशेब_वर्ष: पूर्णांक
— क्रमांक: पूर्णांक
— हिशेब_वर्ष आणि क्रमांक मिळून युनिक
— तारीख: इंडेक्स
— शेतकरी_आयडी: फॉरेन की, इंडेक्स
— प्रकार: मजकूर, चेक: चारपैकी एक
— वजन_किलो: पूर्णांक, चेक: शून्याहून जास्त
— दर_पैसे: पूर्णांक, चेक: शून्याहून जास्त
— हमाली_पैसे: पूर्णांक, ऑप्शनल

एक विचारायचं राहिलं. क्रमांक १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरू होतो. आत्ता मी त्या वर्षाचा सगळ्यात मोठा क्रमांक काढून त्यात एक मिळवतो. आणि पावती चुकली तर डिलीट करतो.

---

मेहरूण

सबक्लास गेले, फ्लोट गेले, दर पावतीवर आला. छान. भाव टेबल बाजारभाव बघायला वेगळं ठेव, पावतीशी त्याची गाठ नको.

'सगळ्यात मोठा अधिक एक' सावद्याच्या एका संगणकावर निभेल. रावेरचं ऑफिस जोडलंस की दोघं एकाच क्षणी तोच मोठा क्रमांक वाचतील. युनिक कन्स्ट्रेंट असल्यामुळे दुहेरी पावती होणार नाही, दुसऱ्याला इंटिग्रिटी एरर येईल. तो पकडून रोलबॅक करायचा (अर्धवट नोंद मागे घ्यायची) आणि नव्याने क्रमांक घ्यायचा. किंवा वर्षागणिक एक ओळ असलेलं क्रमांकाचं टेबल करून ती ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट' ने धरून वाढवायची. पोस्टग्रेसवर ते चालतं, एसक्यूलाइटमध्ये ते नाही, तिथे लिहिताना अख्खा डेटाबेसच कुलूपबंद होतो. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (आपोआप पुढचा क्रमांक देणारी सोय) यासाठी नको, रोलबॅक झाला की मध्ये क्रमांक सुटतो.

---

वखारवाला

आणि डिलीट नाहीच. छापलेल्या पुस्तकातली पावती चुकली तर मुनीम ती फाडून फेकतो का? आडवी रेघ मारून 'रद्द' लिहितो आणि पुस्तकातच ठेवतो. 'रद्द_तारीख' आणि 'रद्द_कारण' असे दोन ऑप्शनल कॉलम टाक, आणि एक चेक: दोन्ही नल किंवा दोन्ही भरलेले. मग बेरजेच्या प्रत्येक क्वेरीत 'रद्द_तारीख इज नल' हवं. ते विसरलं जाऊ नये म्हणून डेटाबेसमध्ये एक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) कर, त्याला 'चालू_पावती' म्हण, आणि सीएला जोडायला तोच दे.

---

केळीचं_पान

व्ह्यूलाही क्लास लिहिता येतो का?

---

मेहरूण

येतो. टेबलाच्या नावाच्या जागी व्ह्यूचं नाव द्यायचं आणि प्रायमरी की कुठली ते सांगायचं, कारण मॅपरला ती लागतेच. फक्त 'क्रिएट ऑल'ने त्याच नावाचं टेबल बनवू नये म्हणून तो वेगळ्या मेटाडेटावर ठेव. व्ह्यू स्वतः मायग्रेशनमध्ये हाताने एसक्यूएल लिहून बनवायचा, अलेम्बिकच्या ऑटोजनरेटला (आपोआप फरक काढण्याला) तो दिसत नाही.